पाळण्यातले नाव आणि परमुलखातली हाक



आपला संप्रदाय नामाचा. नामस्मरण, नामसंकीर्तन, नामसप्ताह हे शब्द दिवसातून कितीदा तरी आपल्या तोंडी येतात. पण घरात बाळ जन्मले आणि त्याला नाव ठेवायची वेळ आली की आपणच गोंधळून जातो. पूर्वी हा गोंधळ फारसा नव्हता. आजोबांचे नाव नातवाला द्यायचे, पणजीचे पणतीला द्यायचे. नाहीतर पंचांगात नक्षत्राचे चरणाक्षर पाहायचे आणि त्या अक्षराचे देवाचे एखादे नाव काढायचे. आता मुले शिकून जर्मनीला, अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला गेली. कुणाची सून पंजाबी, कुणाचा जावई तमिळ, कुणाची सून थेट युरोपातली. कीर्तनाला उभे राहणे वयोमानाने सुटले, तरी जुन्या ओळखीने मला अजून फोन येतात आणि विचारणे बहुधा एकच असते : "महाराज, असे नाव सुचवा की ते आपलेही वाटेल आणि तिकडच्या लोकांनाही म्हणता येईल."

हा प्रश्न आजच्या काळातच उभा राहिला, असे विचारणाऱ्याला वाटते. म्हणून तो घाबरतो. पण माउली, महाराष्ट्र हा नावांच्या येण्याजाण्याचा जुना रस्ता आहे. इथून नावे बाहेर गेली, बाहेरची नावे इथे येऊन मराठी झाली, आणि यात आपल्या संतांचा आणि आपल्या पांडुरंगाचाही मोठा भाग आहे. तो इतिहास डोळ्यांपुढे ठेवला तर आजचा निर्णय सोपा होतो. म्हणून आधी इतिहास पाहू, मग निर्णयाकडे येऊ.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहा. धर्मग्रंथांत एका बालकाला एकच नाव सांगितलेले नाही, चार सांगितली आहेत : कुलदेवतेवरून एक, जन्ममासावरून एक, नक्षत्रावरून एक आणि चौथे व्यवहाराचे. मासनामांचा क्रम मार्गशीर्षापासून लागतो. मार्गशीर्षाचा कृष्ण, पौषाचा अनंत, माघाचा अच्युत, असे करत आषाढाचा यज्ञपुरुष आणि कार्तिकाचा पुंडरीकाक्ष. म्हणजे देवघरात एका नावाने ओळखले जाणारे मूल बाजारात दुसऱ्या नावाने ओळखले जाई, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. "घरचे नाव वेगळे आणि बाहेरचे वेगळे, हे ढोंग नाही का?" असे मला तरुण आई-बाप विचारतात. शास्त्राने तर चार नावांची सोय आधीच करून ठेवली आहे.

नाव कसे असावे याचेही नियम आहेत. आश्वलायन गृह्यसूत्रात नावाची अक्षरे दोन की चार, पहिले अक्षर कोणत्या वर्गातले, इतका बारीक विचार आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलीच्या नावाबद्दल म्हटले आहे की ते सुखाने उच्चारता यावे, कठोर नसावे, त्याचा अर्थ स्पष्ट असावा आणि ते मनाला आवडणारे व मंगल असावे. सुखाने उच्चारता यावे आणि अर्थ स्पष्ट असावा, या दोन कसोट्या मुलालाही लावाव्यात, आणि परदेशात वाढणाऱ्या मुलाला तर जरूर लावाव्यात.

पण त्याच अध्यायात जवळच दुसरेही एक वाक्य आहे, आणि ते झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. तिथे वर्णाप्रमाणे नावे वाटून दिली आहेत, आणि शूद्राचे नाव तिरस्कार दाखवणारे असावे असे म्हटले आहे. नाव म्हणजे नुसता आवाज नव्हे, समाज माणसाला कुठे उभे करतो ते नावावरून कळते, याचा हा पुरावा. आपल्या संतांनी याचे उत्तर वाद घालून दिले नाही, जगून दिले. चोखा या शब्दाचा अर्थ शुद्ध. चोखोबांच्या बहिणीचे नाव निर्मळा. ज्यांना देवळाच्या पायरीपलीकडे जाऊ दिले नाही त्यांच्या घरातली ही नावे पाहा. गोरा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी, जनाबाई, अशी हातावर पोट असलेल्या माणसांची नावे आज कुठलाही वारकरी काका, महाराज, माउली असे म्हटल्याशिवाय घेत नाही. नावाला मान कुणी दिला? पंचांगाने दिला नाही. त्या नावाच्या माणसाने आयुष्य कसे घालवले, त्यावरून तो मिळाला. हा मुद्दा मनात ठेवा. परदेशी जाणाऱ्या मुलाच्या नावाचा विचार करताना तो लागणार आहे.

आता संतांच्या घरांत डोकावू. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंच्या घरी निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. एकेका नावात परमार्थाची एकेक पायरी. आपण कीर्तनकार यावर तास तास बोलतो. दामाशेटी शिंप्यांच्या घरी मात्र वेगळी गंमत आहे. नामदेवरायांच्या चार मुलांची नावे नारायण, महादेव, गोविंद आणि विठ्ठल. पण संतवाङ्मयात ती कशी येतात? नारा, म्हादा, गोंदा, विठा. एवढी भारदस्त नावे घरातल्या घरात दोन अक्षरांवर आली. शिवाय पाहा, वैष्णवांच्या घरात एक महादेवही आहे. देहूलाही तसेच. तुकोबारायांच्या मुलांची नावे महादेव, विठोबा, नारायण आणि मुलींची काशी, भागीरथी, गंगा. हरी आणि हर यांच्या उपासकांत ज्या काळी भांडणे होती, त्या काळी आपल्या संतांच्या पाळण्यात दोघेही एकत्र झोपले. दोन परंपरांत चालणारे नाव म्हणजे काय, याचा हा घरचा दाखला.

नाव आखूड झाले की अपमान झाला, असे काहींना वाटते. परदेशी शाळेत शिक्षकाने मुलाचे नाव तोडून म्हटले तर आई-बाप दुखावतात. पण आपली जीभ काय करते? कृष्णाचा किसन आपणच केला. ज्ञानेश्वराचा ज्ञानोबा आणि ज्ञानोबाचा ग्यानबा खेडोपाडी झाला, पालखीच्या वाटेवर अजून होतो. आणि प्रत्यक्ष देवाला तरी कुठे सोडले? विठ्ठलाचा विठोबा झाला, विठू झाला, विठाई झाला. जनाबाईंनी तर रागाच्या भरात त्याला विठ्या म्हणून दटावले. देवाने ते ऐकून घेतले. प्रेमाने तोडलेले नाव तुटत नाही, हा आपल्या संप्रदायातला सिद्धांतच समजा.

विठ्ठल या नावाचा प्रवास तर मुळातून पाहण्यासारखा आहे. ज्ञानोबा माउलींनी पांडुरंगाला कानडा म्हटले आहे. त्याचे अर्थ अनेक लावले जातात. पण नावाच्या उगमाबद्दल रा. गो. भांडारकरांसारख्या मोठ्या संशोधकाने असे मत मांडले की विष्णू हा संस्कृत शब्द कानडी जिभेवर बिट्टी असा झाला आणि त्यातून विठ्ठल आला. होयसळांच्या राजाचे नाव बिट्टिदेव होते आणि तोच विष्णुवर्धन म्हणून प्रसिद्ध झाला, हे तर इतिहासात नोंदलेलेच आहे. विठ्ठल शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, आणि तो वाद मिटवणे हे माझे काम नाही. पण भांडारकरांचे मत धरले तर केवढी मौज होते पाहा. ज्या नामाचा आपण रात्रंदिवस गजर करतो, ते नामच शेजारच्या भाषेने घडवून आपल्या हाती दिलेले ठरते. शेजाऱ्याने उच्चार बदलला म्हणून देव उणा झाला नाही. आपल्याला विठ्ठल मिळाला.

तो पुन्हा कानडी मुलखात गेलाच. पुरंदरदासांनी (१४८४ ते १५६४) आपल्या पदांची मुद्रिका पुरंदर विठ्ठल अशी ठेवली. त्यांच्या मागून विजयदासांची विजय विठ्ठल, गोपाळदासांची गोपाळ विठ्ठल. हंपीला विठ्ठलाचे भव्य मंदिर उभे राहिले, आणि एकनाथ महाराजांचे पणजोबा भानुदास यांनी विजयनगरहून विठ्ठलमूर्ती परत आणल्याची कथा आपण दर कार्तिकीला ऐकतो. उत्तरेला नामदेवरायांनी हे नाव पंजाबात नेले. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचे स्थान आहे. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला. त्या ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. तिथे विठ्ठल बीठल झाला आहे. पंजाबी जिभेला व चा ब करणे सोयीचे. त्याच ग्रंथात तिलंग रागातल्या एका पदात नामदेव देवाला करीम आणि रहीम अशीही हाक मारतात. पंढरीचा शिंपी परमुलखात गेला, तिथल्या लोकांच्या तोंडची नावे त्याने घेतली आणि आपले नाव त्यांच्या तोंडी दिले. देवाणही झाली आणि घेवाणही.

पुष्टिमार्गाची परंपरा सांगते की वल्लभाचार्य पंढरपुरास आले असता विठ्ठलाने त्यांना गृहस्थ होण्याची आज्ञा केली. पुढे त्यांच्या मुलाचे नाव विठ्ठलनाथ. ही पितापुत्रांची नावे व्रज आणि गुजरातच्या घराघरांत रुजली. भारताच्या इतिहासात त्याची एक सुंदर खूण उरली आहे. सरदार वल्लभभाई पटेलांचे थोरले भाऊ विठ्ठलभाई, जन्म १८७३. १९२५ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाचे ते निवडून आलेले पहिले भारतीय अध्यक्ष झाले. गुजराती घरात विठ्ठलाला भाई लागला, जसा मराठीत बा लागतो. दक्षिणेत तंजावरला मराठी राज्य होते. तिथून मराठी अभंग तमिळ भजनपरंपरेत गेले. तमिळ लिपीत ट, ठ, ड, ढ या चौघांना मिळून एकच अक्षर. तेव्हा लिहिताना विठ्ठल आणि विट्टल सारखेच. तमिळ भाविक ज्या भक्तीने ते नाव म्हणतात, ती ऐकली की ठ कुठे गेला हे विचारायचे सुचत नाही.

आता उलट दिशेचा प्रवास. बाहेरची नावे आपल्याकडे आली, त्यांचे काय झाले? मालोजीराजे भोसल्यांच्या दोन मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी. अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराच्या नावावरून ती ठेवली अशी परंपरा आहे. नाव फारसी वळणाचे, पण त्याला जी लागला आणि ते मराठी झाले. शहाजी या नावात परकेपणा आहे असे आज एका तरी मराठी माणसाला वाटते का? ज्याच्या पोटी शिवछत्रपती जन्मले ते नाव आपले नाही असे कोण म्हणेल? तंजावरच्या भोसल्यांत सरफोजी हे नाव येते, आणि संस्कृत व दक्षिणी रचनांत त्याच राजाला शरभोजी, शरभेंद्र म्हटलेले दिसते. आपल्या वारकऱ्यांतले श्रीगोंद्याचे शेख महंमद महाराज घ्या. त्यांनी योगसंग्राम हा ग्रंथ लिहिला. आपण त्यांना दुसरे नाव दिले नाही, त्यांनीही घेतले नाही. शेख महंमद आणि महाराज हे शब्द शेजारी शेजारी बसले आणि बसूनच राहिले.

आणखी एक हकिकत आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. कुलाबा जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, म्हणजे आजच्या रायगडात, बेने इस्राएल नावाचा ज्यू समाज शतकानुशतके राहिला. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांनी आपली इब्रानी नावे मराठी केली. अब्राहमचा आबाजी झाला, सॅम्युएलचा सामाजी, आयझॅकचा इसाजी, एलिजाचा एलोजी. आडनावे गावावरून पडली : पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर. प्रार्थनेत इब्रानी नाव आणि गावात मराठी नाव, अशी दुहेरी सोय. आपल्या मुळाशी असलेला अब्राहम त्यांनी सोडला नाही, फक्त शेजाऱ्याला हाक मारता येईल असा केला. आणि माउली, आमच्या धंद्याची गोष्ट म्हणून सांगतो, १८८० च्या सुमारास या लोकांनी मुंबईत आपले कीर्तन सुरू केले. कथा त्यांच्या धर्मग्रंथातल्या, भाषा मराठी, ढंग आपल्या कीर्तनाचा. नावांनी वाट मोकळी केली होती, मागून कथाही आली.

काही नावे उच्चाराने पलीकडे जात नाहीत, अर्थाने जातात. कवी नारायण वामन टिळक (१८६१ ते १९१९) १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांनी नाव बदलले नाही. नारायणाचे नाव घेऊनच ते ख्रिस्ती राहिले, ख्रिस्ती कीर्तनेही केली आणि ख्रिस्तायन लिहायला घेतले. लक्ष्मीबाईही लक्ष्मीबाईच राहिल्या. त्यांच्या मुलाचे नाव देवदत्त, म्हणजे देवाने दिलेला. आता गंमत पाहा. ग्रीकातला थिओडोर म्हणजे देवाची देणगी. इब्रानीतला नथॅनिएल म्हणजे देवाने दिला. फारसीतला खुदाबक्ष याचा अर्थही तोच. आवाज चार, अर्थ एक. जगात कुठेही बाळ जन्मले की आईच्या मनात पहिला विचार तोच येतो, म्हणून ते नाव सगळीकडे आहे. ज्या घरात दोन भाषा नांदतात त्यांनी हा मार्ग जरूर पाहावा. एका भाषेत एक नाव, दुसऱ्या भाषेत त्याच अर्थाचे दुसरे.

सगळाच प्रवास असा गोड नव्हता, हेही सांगितले पाहिजे. गोव्यात पोर्तुगीज अमलात धर्मांतर झालेल्या माणसाचे नाव-आडनाव बाप्तिस्म्याच्या वेळी बदलले जाई. कागदावर फ्रान्सिस्को, काएतानो लागले. लोकांच्या जिभेने त्यांचेही फोर्सू, कायतान करून घेतले, पण जुने नाव नोंदीतून गेले ते गेलेच. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून मजूर मॉरिशसला गेले, त्यांत कोकणातले मराठी लोकही होते. तिथे कारकुनाने जसे कानावर पडले तसे रोमन अक्षरांत लिहिले. बापाचे नाव पुढे साऱ्या घराण्याचे आडनाव झाले, गावाचे नाव सुटले, कुळी सुटली. तरी त्या लोकांनी गणपती, भजन सोडले नाही, ही त्यांची थोरवी. पण आज त्यांची पतवंडे आपल्या पूर्वजांचे गाव शोधत कोकणात येतात तेव्हा एका कारकुनाच्या घाईने किती वाटा बुजवल्या ते कळते.

म्हणून मी भेद करतो तो असा. जिभेने बदललेले नाव आणि लेखणीने किंवा लाजेने बदललेले नाव, ही एक नव्हेत. विठ्ठलाचा बीठल झाला तो गाता गाता झाला. आबाजी झाला तो शेजारधर्माने झाला. पण कुणी घाईने, हुकमाने नाव बदलले, किंवा आपल्यालाच आपल्या नावाची लाज वाटून आपण ते पुसले, तर मुलाचा मागचा धागा तुटतो. परदेशात मूल वाढवणाऱ्याने पहिली चिंता सोडावी आणि दुसरीची काळजी घ्यावी.

आता प्रत्यक्ष निवडीकडे येऊ. इंग्रजी जिभेला त आणि ट यांतला फरक सहसा उमगत नाही. ठ, ढ, ण, ळ तिला जड जातात. ळ तर हिंदीवाल्यांनाही जड, म्हणून टिळकांचे तिलक होतात. ज्ञ हे अक्षर देशातच तीन तऱ्हांनी म्हणतात : मराठीत द्न्य, हिंदीत ग्य, गुजरातीत ग्न. जपानी माणसाला र आणि ल वेगळे काढता येत नाहीत. तेव्हा सगळ्या जगाला अचूक म्हणता येईल असे नाव शोधत बसू नका. तुमचे मूल ज्या दोन-तीन भाषांत खरोखर वावरणार आहे, त्या भाषांच्या माणसांकडून नाव मोठ्याने म्हणवून घ्या. तिकडच्या आजीला पाळण्यापाशी बोलवा आणि तिच्या तोंडून ऐका. त्या भाषेत त्या आवाजाचा काही भलताच अर्थ होत नाही ना, तेही तिलाच विचारा.

इकडच्या आजीला मात्र विसरू नका. हल्ली पुष्कळ आई-बाप अशी नावे ठेवतात की लंडनच्या शेजारणीला ती सहज म्हणता येतात आणि मंगळवेढ्याच्या आजीला येत नाहीत. अर्थ विचारला तर कुठल्या तरी पुस्तकात असा दिला होता, असे उत्तर येते. दोन संस्कृतींत चालणारे नाव हवे म्हणता, तर त्या दोनांपैकी एक आपली आहे. आजीला नातवाला हाक मारता येत नसेल तर नाव एकाच बाजूला चालले.

आपल्याकडे तयार नावांची वाण नाही. आपला मंत्रच घ्या. हरी हे नाव इंग्रज सहज म्हणतो, त्याच्या हॅरीच्या जवळचे ते. राम हे नाव इब्रानीत आहे. तिथे त्याचा अर्थ उंच, थोर, आणि त्यांच्या धर्मग्रंथातल्या वंशावळीतही तो येतो. इंग्रजीत त्याच आवाजाचा अर्थ मेंढा होतो, हेही माहीत असू द्या. पण त्या भीतीने कुणी रामनाम सोडले असे मी ऐकलेले नाही. मीरा, तारा ही नावे युरोपातही मुलींना ठेवतात. आणि आपली जना! चेक आणि जर्मन मुलखात रोमन लिपीत तंतोतंत तसेच लिहिले जाणारे नाव प्रचारात आहे, फक्त ते म्हणतात याना. माझ्या परिचयाच्या एका घरात सून जर्मन आहे. मुलीचे नाव जना ठेवले. इकडची आजी म्हणाली, "माझ्या जनीची याना कशी काय झाली?" तिला नामदेवांचा बीठल सांगितला, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "मग असू दे." ती मुलगी दोन्ही हाकांना ओ देते.

तुम्हाला लांब नावच ठेवायचे असेल, ज्ञानेश्वर, पांडुरंग, मुक्ताबाई, तर बेलाशक ठेवा. नामदेवरायांच्या घरासारखे हाकेचे आखूड नाव मात्र तुम्हीच घरी ठरवा. ते परक्या वर्गात ठरण्याची वाट पाहू नका. रोमन अक्षरांतले लेखन एकच पक्के करा आणि जन्मदाखला, पारपत्र, शाळा सगळीकडे तेच लावा. मॉरिशसच्या कारकुनाचा धडा विसरू नका. आपली स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही त्रिपदी तिकडच्या कागदांत कशी बसते ते आधी विचारून घ्या.

आणि नावाबरोबर त्याची गोष्ट द्या. हे सर्वांत महत्त्वाचे. भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाची कथा आहे. त्याच्या दहा मुलांत धाकट्याचे नाव नारायण. अंतकाळी त्याने मुलाला हाक मारली आणि देवाचे दूत धावून आले. आपण ही कथा नामाचा महिमा सांगायला वापरतो, आणि ते बरोबरच आहे. पण आज मला तिच्यात आणखी एक दिसते. त्या मुलाला दिवसातून शंभर वेळा हाक मारली जात होती. खायला ये, झोपायला ये, पडशील, सांभाळ. ते नाव अजामिळाच्या जिभेवर होते, म्हणून शेवटच्या क्षणी तेच आले. नाव कितीही अर्थपूर्ण असले आणि हाक मारायला कुणी नसले, तर ते दाखल्यावरच राहते.

परदेशातल्या मुलाला रोज त्याच्या नावाने हाक मारा. तुम्ही तुमच्या जिभेने मारा, शेजाऱ्याला त्याच्या जिभेने मारू द्या. झोपताना त्याला सांगा की हे नाव कुणाचे, तो कुठल्या गावचा, त्याने काय केले. पाच वर्षांचे मूल वर्गात उभे राहून "माझ्या नावाचा अर्थ असा आहे" असे सांगू लागले, की त्या नावाला कुणी हसत नाही. चोखोबांच्या नावाला मान कशाने आला ते आपण वर पाहिले. तुमच्या मुलाच्या नावालाही तो त्याच्या जगण्याने येईल. आपल्या हातात एवढेच आहे की त्याला सांगता येईल असे नाव द्यावे आणि ते सांगायची सवय लावावी.

पाळण्याखालून बाळाला देताघेताना बायका गोविंदाचे, गोपाळाचे नाव घेतात, मग आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. तो पाळणा आता पंढरपुरात बांधला काय आणि म्युनिकला बांधला काय, आत्या तीच आहे आणि नाव सांगायचा कानही तोच आहे. निर्धास्त मनाने नाव ठेवा.

रामकृष्ण हरी.